मिस प्रुइटचे नऊ चुकलेले सूर

“चूक कानाला कळायच्या आत शाईला कळली पाहिजे.”

ऑगस्टा प्रुइट हे दिवसातून तीनदा तरी म्हणायच्या. सकाळी दौतीचं झाकण उघडताना एकदा, संध्याकाळी ते लावताना एकदा, आणि मधलं एक कोणाच्या तरी तोंडावर मारायला राखून ठेवलेलं असायचं. बहुतेक वेळा ते तोंड माझं असायचं.

मी हॉर्न वाजवतो. मोटारीचा नव्हे. गोगलगाईसारखं वेटोळं घातलेलं, पितळेचं, वाजवणाऱ्याला कधी तोंडघशी पाडेल याचा नेम नसलेलं ते वाद्य. सेल्माजवळच्या मनुक्यांच्या शेतावरून मी लॉस एंजेलिसला आलो तेव्हा माझ्याकडे दोनच गोष्टी होत्या. चर्चच्या बँडमधल्या एका मेलेल्या माणसाचं हॉर्न, आणि ते कोणी न शिकवता आपल्याला वाजवता येतं याचा माज. हॉर्न पुढे बदललं. माज आहे तसाच आहे. मिस प्रुइटनी पहिल्याच दिवशी माझं नाव ‘मनुका’ ठेवलं, आणि त्यानंतर माझं खरं नाव आईशिवाय कोणाला लागलंच नाही.

त्या नकलनवीस होत्या. सिनेमाचं पार्श्वसंगीत रचणारा आपल्या मोठ्या वहीत साठ वाद्यांचं एकत्र लिहितो. पण व्हायोलिनवाल्यासमोर व्हायोलिनचंच पान लागतं, बासरीवाल्यासमोर बासरीचं. त्या वहीतून एकेका वाद्याचं पान शाईने उतरवून काढायचं, हे त्यांचं काम. बर्बँकच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रणाच्या हॉलमागे, सुतारशाळा आणि पोशाखघर यांच्या बोळात त्यांची खोली होती. खोलीत उतरतं टेबल, टाक, टीपकागद, दाढीचं एक पातं आणि उत्तरेचा उजेड. खाण्यापिण्याला बंदी. “कॉफीचा एक थेंब म्हणजे एक खोटा सूर,” असं म्हणून त्यांनी एकदा स्टुडिओच्या मालकालाही कपासकट बाहेर काढलं होतं, आणि तो माफी मागून गेला होता.

उंच, सडसडीत बाई. पुरुषी सदरा, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या. उजव्या मधल्या बोटावर बदामाएवढा घट्टा, कायमचा निळा. लग्न केलं नव्हतं. कोणी विचारलंच तर म्हणायच्या, “एक आला होता. त्याचं हस्ताक्षर पाहिलं.” पुढे काही बोलायच्या नाहीत. ज्याला कळायचं त्याला कळायचं.

आमच्या हॉलमध्ये एक रीत आहे. वाजवताना पानावर चूक दिसली, की वादकाने हात वर करायचा. हात वर झाला की सगळं थांबतं. मग दाराशी स्टुलावर बसलेला नकलनवीस पातं आणि टाक घेऊन येतो, चुकलेली शाई खरवडतो, बरोबर सूर लिहितो आणि मान खाली घालून परत जातो. साठ माणसं तेवढा वेळ त्याच्या पाठीकडे बघत असतात. इतर नकलनविसांच्या पानांवर दिवसाला दहा हात वर व्हायचे. मिस प्रुइटच्या पानांवर एकतीस वर्षांत एकही झाला नव्हता. एकदा एका ट्रंपेटवाल्याने केला. साठ माना गर्रकन वळल्या. तो घाबरून म्हणाला, “मला नुसतं मुतायला जायचंय.”

हेच त्यांचं ऐश्वर्य. घरात चांदीचा चमचा नव्हता, पण त्यांच्या पानांवर हात वर होत नव्हता.

आता त्या मेंढ्यांच्या फिल्मकडे येतो.

फिल्ममध्ये एक विधवा तीनशे मेंढ्या घेऊन डोंगर ओलांडते. सुरुवातीलाच ती नवऱ्याला स्वतःच्या हाताने पुरते. त्या प्रसंगात कोणी बोलत नाही. मेंढ्याही नाहीत. फक्त फावड्याचा आवाज, मग तोही थांबतो, आणि व्हायोलिनांच्या मंद आवाजावर हॉर्न नऊ सूर वाजवतं. संगीत लेलँड व्हॉसचं. चांगला माणूस, चांगलं काम. चार वेळा त्याला उत्तम संगीताच्या सोनेरी पुतळ्यासाठी नामांकन मिळालं होतं आणि चारही वेळा तो टाळ्या वाजवून घरी आला होता. आमच्या गावात पुतळा म्हटलं की तो एकच. अंगात कपडा नाही, चेहऱ्यावर भाव नाही, आणि त्याच्यासाठी देवभोळी माणसं सख्ख्या भावाचा गळा दाबतील.

व्हॉसने वहीत लिहिलेले नऊ सूर अगदी शहाणे होते. संध्याकाळी गाय गोठ्यात परतते तसे आरामात खाली उतरून बसणारे.

आता हॉर्नची एक जन्मजात खोड सांगायला हवी. कागदावर जो सूर लिहाल, त्याच्या पाच सूर खाली ते बोलतं. का, ते विचारू नका. काही नवरेही असेच असतात. म्हणून नकलनविसाने हॉर्नचा प्रत्येक सूर पाच सूर वर चढवून लिहायचा, म्हणजे वाजताना तो आपसूक खाली उतरून आपल्या जागी बसतो. मिस प्रुइटची पद्धत अशी : आधी चढवलेले सूर पेन्सिलीने एका कागदावर मांडायचे, वहीशी ताडून बघायचे, आणि मगच पानावर शाई चढवायची.

त्या दुपारी पेन्सिलीचं काम झालं होतं. तेवढ्यात स्टुडिओच्या आवारात खाणं विकणाऱ्या ओरोझ्कोच्या गाडीवरून त्यांच्या सँडविचची पुडी आली. त्यांनी ती उंबऱ्याबाहेर उभ्याने उघडली. हॅमवर मोहरीची चटणी. अकरा वर्षं त्या ओरोझ्कोला सांगत होत्या की मोहरी नको. अकरा वर्षं तो “हो हो” म्हणत होता. त्यांनी पुडी उचलली आणि गाडीपर्यंत चालत जाऊन पाव तास त्याचा उद्धार केला. ओरोझ्को बिचारा टोपी छातीशी धरून उभा. “बाई, मोहरीने कोणी मेलं नाही आजवर!” “तू मरशील,” मिस प्रुइट म्हणाल्या.

परत येऊन बसल्या तेव्हा कानशिलं तापलेली होती. टेबलावर दोन कागद. एक व्हॉसच्या वहीचं सुटं पान, दुसरा त्यांचा स्वतःचा. व्हॉसही पेन्सिलीनेच लिहायचा. त्यांनी आपला कागद व्हॉसचा समजून समोर ओढला आणि चढवलेले नऊ सूर पुन्हा पाच सूर चढवून शाईत उतरवले. अशी चूक दुसऱ्या कोणाच्या हातून होणं शक्य नाही. आळशी माणूस चढवायचं विसरतो. दोनदा चढवायला माणूस कष्टाळू लागतो.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये मी पान पाहिलं. नऊ सूर शिडी लावून छपरावर चढून बसलेले. इतक्या वरचे सूर हॉर्न काढतं, पण त्यासाठी आधी देवाची आणि मग ओठांची परवानगी लागते. हात वर करावा असं मनात आलं. मी दाराकडे पाहिलं. त्या स्टुलावर ताठ बसल्या होत्या, गुडघ्यांवर हात, उन्हाळ्यातल्या डोंगरासारख्या. मी मनाशी म्हटलं, मनुक्या, तुझे कान सेल्माचे. शाई खरी असणार.

लाल दिवा लागला. पडद्यावर बाईने फावडं टाकलं. मी वाजवलं.

पहिले चार सूर निघाले. पाचव्याला हॉर्न अडलं. सातव्याला आवाजात चीर गेली, हुंदका गिळणाऱ्या बाईच्या आवाजात जाते तशी. नववा निघाला, पण कसा निघाला ते मला विचारू नका. खाली व्हायोलिनं आपल्या मूळ जागी निवांत होती आणि वर मी, परक्याच्या घरात चुकून शिरलेल्या माणसासारखा. दिवा विझला.

काचेपलीकडच्या खोलीतून दिग्दर्शक बाहेर आला. एरवी दगड माणूस. स्वतःच्या मुलीच्या लग्नात घड्याळ बघत होता म्हणे. त्याचे डोळे गळत होते.

“लेलँड, हरामखोरा,” तो म्हणाला, “हे तू मला आधी का नाही सांगितलंस?”

व्हॉसने आपल्या वहीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग दाराकडे. पुन्हा वहीकडे.

“सांगितलं असतं तर तू नको म्हणाला असतास,” तो म्हणाला.

एवढं सुचायला त्याला डोळ्याचं पातं लवण्याइतकाही वेळ लागला नाही. प्रतिभा म्हणतात ती हीच असावी.

मी पुन्हा दाराकडे वळलो तेव्हा मिस प्रुइटचा चेहरा कोऱ्या कागदासारखा झाला होता. त्यांना पहिल्याच सुराला कळलं होतं.

दुपारी बोळात त्यांनी मला गाठलं.

“हात का वर केला नाहीस?”

“तुमची शाई होती, मिस प्रुइट.”

“गाढवा, तुझ्या डोक्याला दोन्ही बाजूंना काय लटकतंय? मनुके?”

“तुमच्या पानावर हात वर करून मी पुन्हा या गावात तोंड दाखवलं असतं का?”

मग मोहरीची सगळी हकिकत त्यांनी मला सांगितली, जशी दुसऱ्या कोणाची बदनामी सांगावी तशी, आवाज खाली आणून. शेवटी म्हणाल्या, “आता ती चूक फिल्ममध्ये गेली. खरवडून निघायची नाही.”

फिल्म लागली. लोक रडले. वर्तमानपत्रांनी त्या नऊ सुरांवर स्तंभ लिहिले. एकाने लिहिलं, त्या सुरांत मानवजातीचं अनाथपण आहे. मी ते वाक्य मिस प्रुइटना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “मानवजात गेली खड्ड्यात. त्या सुरांत ओरोझ्कोची मोहरी आहे.”

व्हॉस मुलाखती देऊ लागला. लहानपणी आयडाहोच्या डोंगरात त्याने एका मेंढपाळाची आरोळी ऐकली होती, ती म्हणे आयुष्यभर त्याच्या काळजात घुमत राहिली. लेलँड व्हॉसचा जन्म क्लीव्हलंडचा. बाप टोप्या विकायचा. मेंढी त्याने जेवणाच्या ताटाबाहेर कधी पाहिली असेल तर शपथ.

तुम्हाला वाटेल, मिस प्रुइटना राग आला तो त्याने श्रेय लाटल्याचा. छे. श्रेय कोणाला हवं होतं? त्यांना राग होता तो याचा, की एकतीस वर्षांतली त्यांची एकुलती एक चूक देशातल्या प्रत्येक थिएटरात दिवसातून चार वेळा वाजत होती, आणि कोणी हात वर करत नव्हतं. व्हॅन नाइसच्या थिएटरात त्या दुपारच्या खेळाला जाऊन बसायच्या. तो प्रसंग आला की अंधारात त्यांचा आवाज यायचा, “चूक!” पहिल्यांदा लोकांनी शुक् शुक् केलं. दुसऱ्यांदा बॅटरीवाला आला. तिसऱ्यांदा व्यवस्थापकाने हात जोडले. “बाई, तुम्हाला फिल्म आवडत नसेल तर का येता?”

“बरोबर होईल म्हणून,” त्या म्हणाल्या.

हिवाळा सरताना नामांकनं आली. पाच फिल्मांची संगीतं शर्यतीत, त्यात मेंढ्यांची फिल्म. पुतळा कोणाला मिळाला ते आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे कोणाचा जीव टांगणीला राहायला नको. पाणबुडीवरच्या आचाऱ्याची एक विनोदी फिल्म होती, तिला मिळाला. व्हॉसने पाचव्यांदा टाळ्या वाजवल्या. पुतळ्यासाठी ज्यांना वाचायचं होतं त्यांनी इथेच उठावं. मला सांगायचंय ते त्याच्या आदल्या चार दिवसांचं आणि त्या दिवशीच्या दुपारचं.

समारंभाला एक वाद्यवृंद असतो, चाळीस जणांचा. नाव पुकारलं की विजेता खुर्चीतून उठून मंचापर्यंत जाईस्तोवर त्याच्या फिल्मचा तुकडा वाजवायचा. कोण जिंकणार ते आधी कोणालाच ठाऊक नसतं, म्हणून पाचही फिल्मांची पानं वादकांपुढे तयार ठेवावी लागतात. ती पानं सोळा वर्षं मिस प्रुइट लिहीत होत्या. आणि व्हॉसने आपला तुकडा म्हणून तेच निवडलं : फावडं पडल्यानंतरचे नऊ सूर.

व्हॉस त्यांच्या खोलीत आला तेव्हा मी उंबऱ्यात टेकून संत्रं सोलत होतो. आत सोलायची मुभा नव्हती. त्याने वहीचं पान टेबलावर ठेवलं. पेन्सिलीने लिहिलेलं, जुनंच. नऊ शहाणे सूर, गाय गोठ्याकडे निघालेली.

“मिस प्रुइट, हे तेवढं... तुम्हाला माहितीच आहे.”

“काय माहिती आहे?”

“म्हणजे फिल्ममध्ये जसं आहे तसं लिहा.”

“वहीत जे आहे ते मी लिहिते, मिस्टर व्हॉस. वहीत नाही ते लिहायला मी काय संगीतकार आहे?”

व्हॉसने माझ्याकडे पाहिलं. मी संत्र्याकडे पाहिलं.

“मागच्या वेळी तर वहीत नव्हतं ते लिहिलंत,” तो हळूच म्हणाला.

उंबऱ्यातून मला त्यांची मान दिसत होती. ती लाल झाली.

“ती चूक होती. नकळत केलेली. आता मुद्दाम करायला सांगता?”

“अहो, पण तीच सुंदर आहे!”

“तर मग वहीत लिहा. आपल्या हाताने, आपल्या वहीत. मी नक्कल करीन. एका पैची कुरकुर करणार नाही.”

व्हॉसने खिशातून पेन्सिल काढली आणि परत ठेवली. मला त्याची अडचण कळली. वहीत ते नऊ सूर लिहायचे म्हणजे त्याने मिस प्रुइटची नक्कल करायची. डोंगर, मेंढपाळ, काळजातली आरोळी, सगळ्यावर पाणी. एकट्यात का होईना, स्वतःच्या हाताला ते कळणार होतं.

“ऑगस्टा,” तो म्हणाला, “मी हे काम दुसऱ्या कोणाला देऊ शकतो.”

“द्या. तो तुमची वही उघडेल, त्याला हेच सूर दिसतील. मग त्याला सांगा काय ते. कोणाकोणाला सांगणार?”

तो गेला. जाताना बोळात माझी बाही धरून म्हणाला, “मनुका, तिला काय लिहायचं ते लिहू दे. तू तोंडाने सांभाळून घे. फिल्ममधलं तुला पाठ आहे.” मी मान हलवली. ‘हो’ म्हणायला आमच्याकडे काही लागत नाही.

मी आत डोकावलो. त्या रिकाम्या पानासमोर बसल्या होत्या.

“वहीतलं लिहिलंत तर लोक म्हणतील प्रुइटने घोळ घातला,” मी म्हटलं. “अख्ख्या देशाला ती धून पाठ आहे.”

“हो.”

“आणि फिल्ममधलं लिहिलंत तर कोणाला कधीच काही कळणार नाही.”

“मला कळेल. तुझ्या संत्र्याचा रस उंबऱ्यावर सांडतोय.”

बरोबर लिहिलं तर नाव जाणार होतं, आणि चूक लिहिली तर ते राहणार होतं. माणसाला देव असा पेच रोज घालत नाही. त्यांना घातला.

समारंभाच्या दिवशी दुपारी उशिरा तालीम होती. बाहेर लाल गालिचा अंथरत होते. रस्त्याकडेच्या लाकडी पायऱ्यांवर लोक सकाळपासून डबे घेऊन नटनट्यांची वाट बघत बसले होते. आत, मंचापुढच्या खड्ड्यात आम्ही चाळीस जण. समोर लॅस्को, समारंभाचा वाद्यवृंद चालवणारा, गोल, घामेजलेला, बोलता बोलता चॉकलेट खाणारा. दाराशी स्टुलावर मिस प्रुइट. मागे प्रेक्षकांच्या रिकाम्या खुर्च्यांत व्हॉस एकटाच, काळ्या सुटात, दोन तास आधीच सजून आलेला.

मी पान उघडलं. सुंदर अक्षर. नऊ सूर, बरोबर जागी, एकदाच चढवलेले. वहीत होते तसे.

व्हॉसला मी मान हलवली होती खरी. फिल्ममधले सूर ओठांवर तयारही होते. पण दाराशी ती बाई बसलेली, पुढ्यात तिची शाई, आणि ती शाई सोडून दुसरं काही वाजवणं माझ्याकडून झालं नाही. मी लिहिलं होतं ते वाजवलं.

गाय गोठ्यात गेली. कोणाला काही वाटलं नाही.

लॅस्कोने हात खाली टाकले. “मनुका, राजा, हे काय होतं?”

“पानावरचं.”

“ही ती धून नाही. माझ्या सासूला ती धून येते, आणि ती बहिरी आहे.”

पहिल्या रांगेत कोणीतरी खिदळलं. लॅस्कोने समोरच्या वहीत पाहिलं, चष्मा लावला, पुन्हा पाहिलं. “च्यायला, इथेही असंच लिहिलंय. वही आणि पान एक बोलतात आणि फिल्म तिसरंच. हात वर कर रे, मनुका. काहीतरी चुकलंय.”

चाळीस माना माझ्याकडे वळल्या. माझा हात मांडीवर शिशासारखा पडला होता. पान बरोबर होतं. बरोबर पानावर हात कसा वर करायचा?

तेव्हा दाराशी हात वर झाला.

नकलनविसाने हात वर केलेला मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. निळ्या बोटाचा, सरळ, शाळेतल्या मुलीसारखा.

“पान बरोबर आहे,” मिस प्रुइट म्हणाल्या. “फिल्म चुकलीय. फिल्मच्या वेळी हॉर्नचं पान मी दोनदा चढवलं. मनुक्याने लिहिलं तसं वाजवलं. चूक माझी.”

मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या ढोलवाल्याच्या हातून काठी पडली. ती घरंगळत जाऊन थांबेपर्यंत सगळे तिच्याकडे बघत राहिले. मग एका चेलोवाल्या बाईने जमिनीवर पाय घासला. मग दुसऱ्याने. वादकांचे हात वाद्यांत गुंतलेले असतात, म्हणून आमच्यात दाद पायांनी देतात. चाळीस जणांचे पाय फळ्यांवर घासू लागले, धान्य पाखडल्यासारखा आवाज.

“पाय आवरा,” मिस प्रुइट ओरडल्या. “चुकीला दाद देतात होय? लाज नाही वाटत?”

कोणीही पाय आवरले नाहीत.

व्हॉस उठला. अंगावरचा सूट एकदम मोठा झाल्यासारखा दिसत होता. त्याला तिथूनच मागच्या दाराने जाता आलं असतं. तो पुढे आला, खड्ड्यात उतरला आणि लॅस्कोच्या समोरची वही स्वतःकडे वळवली.

“पेन्सिल दे,” तो लॅस्कोला म्हणाला.

“पेन्सिल नाही,” मिस प्रुइट म्हणाल्या. “पेन्सिलीचं मी एकदा भोगलंय. शाईने.”

संध्याकाळी सह्या देण्यासाठी आणलेलं पेन व्हॉसने खिशातून काढलं. जुने नऊ सूर त्याने आडव्या रेघेने खोडले आणि वर नवे लिहू लागला. मिस प्रुइट त्याच्या खांद्यामागे जाऊन उभ्या राहिल्या.

“हा पाचवा असा नाही. अजून वर. इतकीही वाईट चुकले नव्हते मी.”

“इथे?”

“तिथे. सातव्याआधी श्वास घ्यायची खूण द्या, नाहीतर हा मनुका तिथे चिरकतो आणि लोकांना ते मुद्दाम वाटतं.”

“चिरकू दे,” व्हॉस म्हणाला. “तेच चांगलं आहे.”

“वही तुमची,” त्या म्हणाल्या.

क्लीव्हलंडच्या टोपीवाल्याचा मुलगा लिहीत होता, बाई सांगत होती. चाळीस माणसं खुर्च्यांवरून पुढे झुकून बघत होती. नववा सूर लिहून झाला तेव्हा व्हॉस पेनाचं टोपण लावत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “आयडाहोला मी कधी गेलेलो नाही.”

“ते सगळ्यांना ठाऊक आहे,” लॅस्को म्हणाला आणि चॉकलेट तोंडात टाकलं.

मग मिस प्रुइट माझ्याकडे आल्या. पात्याने नऊ सूर खरवडले, कागदाला जखम न करता, आणि वहीत पाहून नवे लिहिले. एकेक सूर वहीशी ताडला. वाळेपर्यंत फुंकर घातली नाही. फुंकर घालणाऱ्यांना त्या नकलनवीस मानत नसत. मी वाजवलं. सातव्याला चिरकलो. लॅस्कोने डोळे मिटून मान डोलावली आणि पुढचं पान काढायला सांगितलं, पाणबुडीचं.

त्यांनी टाक पुसला, सगळी हत्यारं पेटीत ठेवली आणि पेटी काखेत मारली.

“संध्याकाळी येणार ना?” मी दबक्या आवाजात विचारलं.

“नाही. उद्यापासून स्टुलावर दुसरं कोणी बघा. ज्याच्या पानावर हात वर झाला त्याने दाराशी बसू नये.”

“अहो, पण हात तुमचाच होता!”

“हात कोणाचा ते कुठे लिहिलंय?”

“आणि पान तर बरोबर होतं!”

“म्हणून तर आज जायचं,” त्या म्हणाल्या. “बरोबर पानावर.”

मागच्या दाराशी सामानाची गाडी आडवी लागली होती. त्या वळल्या आणि पुढच्या दाराने निघाल्या. पाणबुडीच्या तुकड्यात हॉर्नला काम नव्हतं. मी हॉर्न खुर्चीवर ठेवून त्यांच्या मागे काचेच्या दारापर्यंत गेलो. व्हॉसही आला.

बाहेर लख्ख ऊन होतं. लांब काळ्या मोटारी यायला सुरुवात झाली होती. मोत्यांच्या झग्यातली एक नटी गालिच्यावरून आत येत होती आणि मिस प्रुइट त्याच गालिच्यावरून, सदऱ्याच्या बाह्या दुमडलेल्या, उलट दिशेने बाहेर चालल्या होत्या. नटी बाजूला झाली. मिस प्रुइट झाल्या नाहीत. कॅमेरेवाल्यांनी कॅमेरे खाली घेतले. पायऱ्यांवरून कोणीतरी ओरडलं, “ए आजी, बाजूला हो, दिसत नाही!” त्यांनी त्या दिशेला मानही वळवली नाही. गालिचा संपला तिथे त्या रस्त्यावर उतरल्या, सिग्नल हिरवा व्हायची वाट बघत उभ्या राहिल्या, मग रस्ता ओलांडून बसथांब्याच्या दिशेने चालू लागल्या. पायऱ्यांवरचे लोक तोवर नटीकडे वळले होते. कॅमेरेवाल्यांना दारातला व्हॉस दिसला आणि ते “मिस्टर व्हॉस, इकडे! इकडे बघा!” असं ओरडू लागले. तो त्यांच्याकडे वळला नाही. रस्त्यापलीकडच्या गर्दीत तो पांढरा सदरा दिसत होता तोवर आम्ही दोघे बघत राहिलो.